सादळलेला दाणा

माझ्या थोरल्या भावाने माझ्या कित्येक महिन्यांच्या कामात बोट घातलं आणि ते आरपार गेलं.

"टर्रकन गेलं की गं," तो म्हणाला, आणि मला नीट दिसावं म्हणून भोकातून ते बोट हलवून दाखवलं.

अजिंठ्याच्या अलीकडे आमचं शेत आहे. तिथल्या बांधावर आम्ही दोघं उभे होतो. कंपनीच्या टेम्पोतून मी राखाडी प्लास्टिकची एक गुंडाळी घेऊन गेले होते. आमच्या भागात उन्हाळी मिरची लावताना गादीवाफ्यावर असलं प्लास्टिक अंथरतात आणि त्याला भोकं पाडून त्यात रोपं लावतात. खालची ओल उडून जात नाही, तण माजत नाही. सगळे त्याला मल्चिंग पेपर म्हणतात. पाणी नसलेल्या वर्षांत तर या पेपराशिवाय मिरची लावायची हिंमत कोणी करत नव्हतं. पण हंगाम संपला की त्याच पेपराचा छळ सुरू होतो. तो ओढून काढायला गेलं की चिंध्या होतात. चिंध्या उडून बाभळीवर बसतात, विहिरीत पडतात, जनावरांच्या पोटात जातात, आणि उरलेल्या बांधावर पेटवल्या की दिवसभर घसा धरतो. माझा पेपर काढावा लागणार नव्हता. तो मातीतच विरून जाणार होता. एवढं मोठं भाषण मी दादाला आदल्या दिवशीच फोनवर देऊन ठेवलं होतं.

"विरायचं मागनं बघू," दादा म्हणाला. "आधी अंथरू तर दे. ह्यो ताणून बसवावा लागतोय. बायांचं पाऊल पडतंय, ढेकूळ लागतंय. तुझा पेपर दुपारपस्तोर बी टिकायचा नाय."

मला राग लवकर येतो, आणि दादाचा तर तो बोलायच्या आधीच येतो. मी विचारलं, बोट घालायचं कारणच काय होतं? तो म्हणाला, "म्या नाय घातलं तर ढेकूळ घालंल." गुंडाळी उचलून मी टेम्पोत टाकली आणि जेवायला न थांबता निघाले. वहिनीने भाकरी फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या हातात दिली. माझ्या हातात द्यायची तिची छाती झाली नाही.

मी काम करत होते तो कारखाना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात एक मोठं मशीन, एक लहान मशीन आणि आम्ही मोजकी माणसं. मालक साठीच्या पुढचे. त्यांच्या घराण्यात सगळे कारकून, धंद्यात उतरलेले हे पहिलेच, आणि त्याचा त्यांना जितका अभिमान होता तितकीच धास्तीही होती. उन्हाळा असो की हिवाळा, शर्टाची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही त्यांना सर म्हणायचो. आधी आमच्याकडे कॅरीबॅगा बनायच्या. मग प्लास्टिकबंदी आली आणि मशीन थंड पडलं.

शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. आमच्या रस्त्यावर पूर्वी नुसते कारखाने होते. आता तिथे गाड्यांची शोरूम, लग्नाचे हॉल आणि मोठमोठी गोदामं उभी राहत होती. हर्सूलकडे, जिथे नवऱ्याने आणि मी फ्लॅट घेतला होता, दर महिन्याला एखाद्या नव्या इमारतीचं उद्घाटन व्हायचं. इमारती वाढत होत्या, नळाचं पाणी तेवढं वाढत नव्हतं. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि टँकरवाला भेटला की लोक त्याला जावयासारखा मान द्यायचे. अशा दिवसांत एक गोदामवाला सरांच्या मागे लागला होता. शेड रिकामी करा, मी आजच्या आज घेतो, असं त्याचं म्हणणं होतं.

विरणाऱ्या प्लास्टिकचं वेड सरांच्या डोक्यात मीच घातलं. पॉलिमरचं शिक्षण घेऊन मी इतकी वर्षं कॅरीबॅगेच्या जाडीवर हुज्जत घालत होते. आता काहीतरी खरं करून दाखवायची संधी आली होती आणि ती मी सोडणार नव्हते. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि दोन अटी घातल्या.

"मे महिन्यात मिरची लागते. तेव्हा तुझा पेपर रानात फाटला नाही पाहिजे. आणि त्याच्या पुढची मिरची लागायच्या आत तो रानात दिसला नाही पाहिजे. दोन्ही जमलं तर मशीन राहील. एक जरी चुकलं तर मी मशीन विकणार आणि शेड गोदामाला देणार. मला आता दम राहिलेला नाही."

म्हणजे मशीन गेलं तर माझं काम गेलं, आणि ते मशीन तरुणपणापासून चालवणाऱ्या चाचांचंही गेलं. चाचा आमचे ऑपरेटर. मशीनच्या नळीत प्लास्टिकचा दाणा वितळतो, वर त्याचा मोठा फुगा तयार होतो, तो छतापर्यंत चढतो, वर रुळांमध्ये दबतो आणि सपाट होऊन गुंडाळला जातो. त्या फुग्याकडे बघता बघता चाचांची मान कायमची जराशी मागे झुकली होती.

आता अडचण काय होती ते सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. मातीत विरणारी दोन प्लास्टिकं मला मिळत होती. एक मक्याच्या स्टार्चपासून बनतं. दिसायला देखणं, ताकदीचं, पण काचेसारखं कडक. वाकवलं की कटकन मोडतं. दुसरं मऊ, चांगलं ताणणारं, पण नुसतं वापरलं तर लिबलिबीत. दोघांचं मिश्रण केलं तर एकाची ताकद आणि दुसऱ्याचा चिवटपणा मिळायला हवा. मिळत नाही. दोघं एकमेकांत मिसळतच नाहीत. एकाचे बारीक बारीक थेंब दुसऱ्यात नुसते पडून राहतात, आणि जोर आला की पेपर बरोबर थेंबाच्या कडेने उसवतो. म्हणून तिसरा पदार्थ घालावा लागतो. त्याचं नाव कम्पॅटिबिलायझर. तो दोघांच्या मधे उभा राहतो, एका हाताने याला धरतो आणि दुसऱ्याने त्याला. एवढं लांबलचक नाव घेताना चाचांची जीभ अडखळायची म्हणून शेडमध्ये आम्ही त्याला नुसतं जोड म्हणायचो.

माझ्या सासूबाईंना हे मी एकदा कढी ढवळता ढवळता सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ताकाला डाळीचं पीठ लावतो तसंच की. नाय लावलं तर फुटतंय." मला हसूच फुटलं. पुढे सरांच्या ओळखीच्या माणसांना मशीन दाखवताना मी हेच सांगायचे आणि शोध माझाच आहे असा चेहरा करायचे.

तर जोड किती घालायचा याच्या चाचण्या सुरू झाल्या. कमी घालून पाहिला, जास्त घालून पाहिला. दोन्ही प्लास्टिकं आणि जोड लहान मशीनवर एकत्र वितळवून त्याचे दाणे पाडायचे, दाणे भट्टीत खडखडीत वाळवायचे, आणि मग मोठ्या मशीनच्या नरसाळ्यात ओतायचे. पेपर निघाला की त्याचा तुकडा कडीत ताणून बसवायचा आणि वरून पाइपातून लोखंडी गोळा सोडायचा. गोळा उडून बाजूला पडला तर पेपर पास. आरपार गेला तर नापास. ही सगळी व्यवस्था चाचांनी आणि मी भंगारातून उभी केली होती आणि आम्हाला तिचा फार गर्व होता.

आणि आता ऐका. जोडाचं एक प्रमाण मला सापडलं. गोळा टण्णकन उडायचा. मी शेडमध्ये अक्षरशः नाचले. सरांना फोन केला, सर, या, बघा. सर आले. त्यांच्यासमोर तोच दाणा, तेच मशीन, तेच चाचा. गोळा आरपार.

मी खजील झाले. पुन्हा काम केलं. पुन्हा जमलं. पुन्हा सरांना बोलावलं आणि पुन्हा आरपार. दादाकडे मी नेली ती गुंडाळीही सर समोर बसलेले असतानाच काढलेली होती. त्यांना माल डोळ्यांनी बघून पाठवायचा होता, आणि माझी घाई इतकी की गोळा न सोडताच मी ती टेम्पोत चढवली होती.

"मॅडम, काइकू टेन्शन लेते," चाचा म्हणाले. "मशीन को बडे लोगां की नजर लगती." दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनला लिंबू-मिरची बांधली. मी पॉलिमरची पदवीधर. मी ती काढायला लावली नाही.

सरांनी याचा फार वेगळा अर्थ घेतला. त्यांना वाटलं, एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली उभं राहून आम्ही थकतो आणि ते आले की घाबरून चुका करतो. माणूस मुळात मायाळू. त्यांनी एक भलामोठा कूलर आणून मशीनच्या बाजूला ठेवला होता. एरवी तो बंदच असायचा, कारण टँकरचं पाणी पिण्याला आणि हातपाय धुण्यालाच पुरायचं नाही. पण सर येणार म्हटलं की ते आदल्या दिवशीच टँकरवाल्याला गाठून ठेवायचे आणि आल्या आल्या पहिला हुकूम सोडायचे, "आधी कूलर भरा. माणसाला गारवा मिळाला तर हात नीट चालतात." शहरात लोक अंघोळीच्या पाण्याने फरशी पुसत होते आणि आमच्या शेडमध्ये वाळ्याच्या वासाचा गार झोत सुटायचा. चाचा डोळे मिटून त्याच्यासमोर उभे राहायचे. आम्ही सगळे सरांना दुवा द्यायचो.

दादाच्या बोटाच्या प्रसंगानंतर मी ठरवलं की आता शेवटची चाचणी. मे उंबरठ्यावर होता. सर सकाळीच आले. कूलर भरला. त्या दिवशी त्यांच्या घरून आमच्यासाठी जेवण आलं होतं आणि सोबत नुकतेच केलेले उडदाचे पापड, भाजून, डब्यात कागद घालून. सरांच्या पत्नींचं म्हणणं, पोरीला धीर द्या. मी जेवायला बसले, पापड झाकणावर काढून ठेवला, तेवढ्यात चाचांनी हाक मारली. फुगा एका बाजूला झुकत होता. मी उठले. फुगा सरळ केला, तुकडा कापला, गोळा सोडला. आरपार.

परत येऊन बसले तेव्हा रडूच यायचं बाकी होतं. सर खिशातला फोन चाचपत होते. त्यात गोदामवाला मला स्पष्ट दिसत होता. काहीतरी चावायला हवं म्हणून मी पापड उचलला आणि दाताखाली धरला.

मोडेना. नुसता वाकला. चामड्यासारखा.

मराठवाड्यातला एप्रिल. बाहेर रुमाल वाळत घातला तर घडी उलगडायच्या आत वाळावा असं ऊन. गावोगाव घशाला कोरड पडलेली. आणि अशा दिवशी भाजलेला पापड अर्ध्या तासात सादळला होता. मी झाकणाकडे पाहिलं. झाकणावर कूलरचा झोत येत होता. मी झोताच्या रेषेने मान वळवली. मशीनचं नरसाळं झोताच्या ऐन वाटेवर होतं, वरून सताड उघडं, आणि त्यात माझा भट्टीतून वाळवून आणलेला दाणा ठेवलेला.

मी अशी ओरडले की चाचांच्या हातातला पाना खाली पडला.

पाणी हा या प्लास्टिकचा वैरी. दाण्यात किंचित दमटपणा असला आणि तो तसाच तापवला की प्लास्टिकच्या लांब साखळ्या आतल्या आत तुटतात. वरून दिसत काहीच नाही, पेपर मात्र कुचका निघतो. हे मला पाठ होतं. म्हणून तर भट्टी होती. पण बादलीभर पाण्यासाठी माणसं भांडत असलेल्या शहरात दमटपणाचा संशय कोणाला येणार? मी जोडाला शिव्या देत होते, प्रमाणाला देत होते, चाचांच्या हाताला देत होते. जोड बिचारा पहिल्या दिवसापासून आपलं काम चोख करत होता.

"कूलर बंद करा!"

"अगं, इतक्या उन्हात..." सर म्हणाले.

"सर, बंद करा. तुमच्या पाया पडते."

सर स्वतः उठले आणि त्यांनी बटण दाबलं. नरसाळ्यातला सगळा दाणा आम्ही उपसून काढला. मी भट्टीतून दाण्याची नवी थाळी आणली, गरमच ओतली आणि वरून पत्रा झाकला. काही वेळ जुना माल निघत राहिला. मग फुग्याचा रंग बदलला. बदल फार थोडा होता, पण चाचांनी मान आणखी मागे झुकवली आणि हळूच म्हणाले, "हौ. ये अलग है."

शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. सरांच्या शर्टाची इस्त्री पाठीवर मोडली. मी तुकडा कापला, कडीत ताणला आणि गोळा सरांच्या हातात दिला. "तुम्हीच सोडा," मी म्हणाले.

गोळा सुटला आणि टण्णकन उडून सरांच्या बुटावर पडला.

त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा उडाला. मग म्हणाले, जड काहीतरी आणा. चाचांनी शेजारच्या वर्कशॉपमधून एक जाडजूड नट आणला. तोही उडाला. सरांना चेव चढला. स्टुलावर उभं राहून ते एकेक वस्तू सोडत होते आणि प्रत्येक वेळी लहान मुलासारखे "हा!" म्हणत होते. मी मुद्दाम कूलर पुन्हा सुरू करून सादळलेल्या दाण्याचा पेपर काढला. आरपार. मग कोरडा दाणा, पण जोड न घातलेला. तोही आरपार. मग जोड घातलेला आणि कोरडा. टण्ण! आता शंकेला जागाच नव्हती. जोड हवाच होता आणि कोरडेपणाही हवाच होता. कोरडेपणाला त्या वर्षी आमच्याकडे तोटा नव्हता. जो दुष्काळ सगळ्यांचं काही ना काही हिरावत होता, त्याच्याकडून मी पहिल्यांदा काहीतरी वसूल केलं होतं.

सर स्टुलावरून उतरले आणि कूलरकडे बघत म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मीच?"

"तुमचा पाहुणचार, सर," मी म्हणाले. "तो नडला."

ते आधी ओशाळले आणि मग इतके हसले की चाचांना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. कूलर त्याच दिवशी जेवायच्या जागी गेला, भिंतीपलीकडे.

मे महिन्यात मी पुन्हा शेतावर गेले, पण या वेळी सर आणि चाचाही सोबत होते. शेततळ्यात तळाला थोडं पाणी दादाने नुसतं मिरचीसाठी राखून ठेवलं होतं. वाफे तयार होते, वर ठिबकच्या नळ्या पसरलेल्या. दादाने गुंडाळीचं टोक धरलं, ताणलं आणि माझ्याकडे बघून बोट पुढे केलं.

बोट पेपरात रुतलं. खोलगट खड्डा पडला. आत गेलं नाही. दादाने जोर केला. मग अंगठा लावला. त्याचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. वर्गात पहिली आलेल्या धाकट्या बहिणीचं प्रगतिपुस्तक तो लहानपणी असंच बघायचा.

"हं," तो म्हणाला. आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

बायांनी पेपर अंथरायला घेतला. कडेला माती ओढली, भोकं पाडली. वारा सुटला तसा पेपर फडफडला, पण धरून राहिला. अर्धं रान झालं आणि तेवढ्यात वहिनीचा गोऱ्हा दावं तोडून आला आणि आमच्या ऐन मधल्या वाफ्यावरून चौखूर पळत गेला. सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. मी डोळे झाकून घेतले. उघडले तेव्हा चाचा वाफ्याजवळ उकिडवे बसले होते. खुरांचे खळगे ओळीने पडले होते, आणि एकाच ठिकाणी पेपर फाटला होता, बोटभर. दादा त्या फाटक्या जागेला धरून ओढायला लागला. नेहमीचा पातळ पेपर असता तर तो चर्रकन पार वाफ्याच्या टोकापर्यंत उसवला असता. हा जेवढा फाटला होता तेवढाच राहिला, पुढे पळाला नाही. चिवटपणा म्हणतात तो हाच, आणि तो मी केला होता. मी भर उन्हात सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "हा मी केलाय!" बाया हसल्या. हसू देत.

पहिली अट पुरी झाली. दुसरीला धीर लागत होता, आणि धीर हा माझा विषय नाही. पावसाने त्या वर्षीही हात आखडता घेतला. आसपासची रानं पिवळी पडली तरी आमची मिरची पेपराखालच्या ओलीवर उभी राहिली आणि तोडे चांगले झाले. परतीचा पाऊस एकदाच बरा पडला. दादा फोनवर मिरचीबद्दल भरभरून बोलायचा, आणि पेपराचं विचारलं की म्हणायचा, "हाय अजून. कडा मऊ पडल्यात." पुढे म्हणाला, "भेगा पडल्यात." मग झाडं उपटली, नळ्या गोळा केल्या आणि पेपर तसाच ठेवून रान नांगरलं. त्याआधी त्याने मला फोन करून विचारलं होतं, "नक्की नांगरू? मागनं मलाच येचाया लागंल." मी ठणकावून सांगितलं, नांगर.

तो गोदामवाला अजून हटला नव्हता. सरांनी त्याला नाहीही म्हटलं नव्हतं आणि होही. मशीन आम्ही जमेल तसं चालवत होतो, रोपवाटिकांच्या पिशव्या वगैरे काढत होतो. सर मात्र माझ्याकडे बघायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत ती दुसरी अट असायची.

उन्हं पुन्हा तापायला लागली तेव्हा एके सकाळी सर मला आणि चाचांना म्हणाले, "चला, बघून येऊ." वाटेत मला गप्प बसलेलं बघून चाचांनी घाबरून दोनदा विचारलं, तबियत ठीक है ना?

दादाने रानाची मशागत केली होती. सर चप्पल बांधाजवळ काढून आत गेले आणि थेट मातीत बसले, पांढऱ्या शर्टानिशी. त्यांनी हाताने माती उकरायला सुरुवात केली. ढेकळं फोडली, मूठ मूठ माती बोटांतून गाळली. मग उठून दुसरीकडे बसले. शेजारच्या रानाच्या बांधावर, बाभळीच्या काट्यांत, कुणाच्या तरी जुन्या पेपराच्या चंदेरी चिंध्या फडफडत होत्या. आमच्या रानात नुसती माती होती. मी उभ्या उभ्या देवाचं नाव घेत होते.

मग सरांचा हात थांबला. त्यांच्या चिमटीत नखाएवढा राखाडी तुकडा होता.

सरांनी तो तुकडा उन्हात धरला. मग तळहातावर ठेवून अंगठ्याने चोळला. एकदाच चोळला. हात उघडला तेव्हा तिथे मळाची एक बारीक रेघ होती, आणि त्यांनी फुंकर मारली तशी तीही गेली.

ते आणखी बराच वेळ शोधत होते. आता ते जरा चिडल्यासारखे दिसत होते. दादा जवळ जाऊन म्हणाला, "सर, काय हरवलं का तुमचं?"

"हो ना," सर म्हणाले. "एवढं अख्खं प्लास्टिक घातलं होतं या रानात. सापडतच नाही."

त्यांनी मातीच्या हातांनीच डोळे पुसले आणि चेहरा आणखी मळवून घेतला. मग खिशातून फोन काढला. आमच्या शेतात रेंज बांधावरच मिळते. सर बांधावर चढले, अनवाणी, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, आणि त्यांनी त्या गोदामवाल्याला फोन लावला. त्याला नीट ऐकू येत नसावं.

"नाही," सर म्हणाले. मग जरा मोठ्याने, "नाही म्हटलं!" आणि मग सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "शेड रिकामी नाही! मशीन चालू आहे! हो, हो, मशीन चालू आहे!"

चाचांनी दोन्ही हात वर केले. दादाने माझ्या पाठीत एवढा मोठा धपाटा घातला की मी नांगरटीत पालथी पडता पडता वाचले. वळून त्याला दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं, पण ते राहूनच गेलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले, आनंदाने, आणि तो आपला वर म्हणत होता, "व्हय, व्हय, लई केलंस गं बाई, लई केलंस."